खिशात टूथब्रश, ओठांत सिगार : जनरल ग्रँट यांचा घशाचा कॅन्सर

रोज दोन वेळा ब्रश करतो, तोंडाला वास येत नाही, त्यामुळे तंबाखूचे आपल्याला काही बाधणार नाही, अशी समजूत बऱ्याच रुग्णांची असते. त्यांच्याशी बोलताना मला अमेरिकेचे अठरावे राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट हमखास आठवतात.

ग्रँट यांचा जन्म 1822 साली ओहायो राज्यात झाला. ते पेशाने सैनिक. अमेरिकेतील यादवी युद्धात फेब्रुवारी 1862 मध्ये त्यांनी फोर्ट डोनेल्सन हा किल्ला जिंकला आणि एका दिवसात देशभर नाव झाले. लढाईच्या वेळी त्यांच्या तोंडात सिगार होती, असे वर्तमानपत्रांत छापून आले. मग काय, कौतुकापोटी लोकांनी हजारो सिगारी भेट म्हणून पाठवल्या. त्याआधी ते बेताचेच धूम्रपान करत. आता घरात साठा पडून होता, आणि सवय जडली ती जवळजवळ शेवटपर्यंत. आपल्याकडे लग्नकार्यात पानाचे तबक फिरते, मित्र तंबाखूची डबी पुढे करतो, तसाच हा प्रकार. व्यसन अनेकदा आदरातिथ्यातून आत येते.

दातांबाबत मात्र ते निष्काळजी दिसत नाहीत. त्यांना काही खोटे दात होते. 1863 च्या सुरुवातीला मिसिसिपी नदीवर बोटीत मुक्काम असताना ते दात भांड्यातल्या पाण्यात ठेवले होते. नोकराने पाण्याबरोबर दातही नदीत फेकून दिले! दंतवैद्य येईपर्यंत सेनापतींचे जेवणाचे हाल झाले. त्याच वर्षी व्हिक्सबर्गच्या मोहिमेवर निघताना त्यांच्याजवळचे सगळे सामान म्हणजे एक टूथब्रश होता, असे बरोबरच्या एका लोकप्रतिनिधीने लिहून ठेवले आहे.

ब्रश दातांवरचा थर काढतो आणि हिरड्या निरोगी ठेवतो. याचे महत्त्व कमी नाही. हिरड्यांचा जुना आजार, पडलेले दात आणि अस्वच्छ तोंड असलेल्यांमध्ये तोंडाचा कॅन्सर अधिक आढळतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पण तंबाखूतील घातक द्रव्ये लाळेत विरघळून गाल, जीभ आणि घशाच्या नाजूक अस्तरात शिरतात व तिथल्या पेशींची जनुके बिघडवतात. ते नुकसान ब्रशने किंवा माउथवॉशने धुतले जात नाही. सिगार ओढणारे बहुतेक जण धूर छातीत न घेता तोंडातच घोळवतात, म्हणजे सगळा मारा तोंडावर आणि घशावर. जोडीला दारू असेल तर धोका नुसता वाढत नाही, कैक पट होतो.

महाराष्ट्रात याहून विचित्र गोष्ट घडते. मशेरी, म्हणजेच मिश्री, ही भाजलेली तंबाखू. ती दात घासायला वापरली जाते, विशेषतः बायकांमध्ये. मावशींना तंबाखू खाता का विचारले तर त्या नाही म्हणतात, आणि ते त्यांच्या दृष्टीने खरेच असते. म्हणून घरच्यांनी प्रश्न वेगळा विचारावा : दात कशाने घासता, दिवसातून किती वेळा, आणि ती तोंडात किती वेळ ठेवता?

1869 ते 1877 ग्रँट राष्ट्राध्यक्ष होते. नंतर जगप्रवासात 1879 च्या फेब्रुवारीत ते मुंबईलाही येऊन गेले. (आपला ग्रँट रोड मात्र त्यांच्या नावाचा नाही, तो मुंबईचे जुने गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांच्या नावाचा.) मे 1884 मध्ये ज्या पेढीत पैसे गुंतवले होते, ती भागीदाराच्या लबाडीमुळे बुडाली आणि माजी राष्ट्राध्यक्ष कफल्लक झाले.

त्याच उन्हाळ्यात समुद्रकाठच्या घरी पीच खाताना घशात एकदम जबर कळ आली. फळात गांधीलमाशी होती की काय, असे त्यांना वाटले. पाणी प्यायले तरी जळजळ थांबेना. शेजाऱ्याकडे आलेल्या एका नामांकित डॉक्टरांनी घसा पाहून लवकर आपल्या डॉक्टरांना दाखवा असे सांगितले. पण ग्रँट यांचे डॉक्टर युरोपात होते, डोक्यावर कर्ज होते, आणि त्यांनी लेखनाचे काम हाती घेतले होते. ऑक्टोबर उजाडला. न्यूयॉर्कचे घसातज्ज्ञ डॉ. जॉन डग्लस यांनी तपासले तेव्हा उजव्या बाजूला, जिभेच्या मुळाशी आणि टॉन्सिलजवळ गाठ होती. गिळताना दुखे, कळ कानाकडे जाई.

हे कानाचे लक्षात ठेवा. मोठ्या माणसाचा एकच कान दुखतो आणि कान तपासून काहीच सापडत नाही, तेव्हा घसा पाहिलाच पाहिजे. गाल वा जिभेवरची जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तोंड पूर्वीइतके उघडेनासे झाले, मानेत न दुखणारी गाठ लागली, आवाज बसला तो सुटेना, तर वाट पाहू नका. सुरुवातीला हा आजार बहुधा दुखत नाही, आणि लोक दुखण्याचीच वाट पाहतात.

ग्रँट यांनी नोव्हेंबरमध्ये सिगार सोडली. सोडल्यावर धोका वर्षागणिक कमी होतो, पण गाठ तयार झाल्यावर ती त्याने विरघळत नाही. फेब्रुवारी 1885 मध्ये तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कॅन्सर पक्का झाला. शस्त्रक्रिया फार मोठी आणि व्यर्थ ठरेल असे डॉक्टरांचे मत पडले. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून दहा वर्षे होती. उपचार म्हणजे घशाला कोकेनचा लेप आणि मॉर्फिन. आवाज गेल्यावर ते कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून बोलत. पत्नी ज्युलिया यांच्यासाठी पैसे उभे राहावेत म्हणून आत्मचरित्र लिहीत राहिले, ते संपवले आणि काही दिवसांतच, 23 जुलै 1885 रोजी, वयाच्या 63 व्या वर्षी गेले. मार्क ट्वेन यांच्या प्रकाशनसंस्थेने ते पुस्तक काढले. ज्युलियांना पुढे चार लाख डॉलरहून अधिक मिळाले.

तेव्हाच्या आणि आताच्या उपचारांत फार अंतर आहे. लवकर सापडलेला तोंडाचा कॅन्सर आज अनेकदा शस्त्रक्रियेने बरा होतो. तुकडा काढून तपासला की आजार पसरतो, ही भीती काढून टाका. बधिर करून घेतलेल्या छोट्या तुकड्याशिवाय निदान पक्के होत नाही. दाताच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे दाखवायला जाल तेव्हा कवळी काढून ठेवा, कारण तिच्याखालची जखम बाहेरून दिसत नाही. आणि मशेरी लावत असाल, तर तेही न लाजता सांगा.