जमशेटजींची गिरणी

मुलांनो, जमशेटजी टाटा यांचा जन्म १८३९ साली नवसारीला झाला. १ जानेवारी १८७७ रोजी त्यांनी नागपुरात एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू केली. तिचे व्यवस्थापक बेझनजी मेहता आधी रेल्वेत नोकरी करत. त्यांना गिरणीचे काम ठाऊक नव्हते. पण जमशेटजींनी माणूस पारखला होता.

पुढे अडचण आली. शंभरातले सुमारे वीस कामगार गैरहजर राहत! तुम्ही मालक असता, तर काय केले असते? जमशेटजींनी दंड केला नाही. त्यांनी बक्षिसे ठेवली, खेळ भरवले. म्हातारपणी पगाराशिवाय जगायचे कसे, ही काळजी कोणाला नसते? १८८६ मध्ये त्यांनी कामगारांसाठी पेन्शन सुरू केली. १८९५ पासून कामावर अपघात झाल्यास भरपाई मिळू लागली. तसा कायदा देशात झाला १९२३ साली.