जॉन गॅरंड : एका रायफलीचा शिल्पकार

जॉन गॅरंड यांचा जन्म १ जानेवारी १८८८ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांतात झाला. ते लहान असतानाच कुटुंब अमेरिकेत आले. कोवळ्या वयात त्यांना कापडगिरणीत काम करावे लागले. तेथेच यंत्रांची गोडी लागली. १९१९ साली ते स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्र-कारखान्यात रुजू झाले.

प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावा लागू नये, अशी रायफल सैन्याला हवी होती. गॅरंड यांनी गोळी सुटताना निर्माण होणाऱ्या वायूच्या दाबाकडूनच ते काम करून घेतले. लहान काडतुसांची, दहा गोळ्यांची रायफल निवडली जाणार, तोच १९३२ साली सेनाप्रमुख मॅकआर्थर यांनी जुनीच मोठी काडतुसे कायम ठेवली. त्यांचा साठा प्रचंड होता. आता आठच गोळ्या मावल्या. १९३६ साली हीच ‘एम-१’ सैन्याने स्वीकारली. तिचे सुटे भाग बनविणारी अनेक यंत्रेही गॅरंड यांनीच आखली. गोळ्या वरून भराव्या लागत. म्हणून नेमबाजांसाठी दुर्बीण डावीकडे सरकवावी लागली आणि गाल टेकण्यासाठी दस्त्याला चामड्याची गादी बांधावी लागली.

अशा पन्नास लाखांहून अधिक रायफली तयार झाल्या. हक्क मात्र गॅरंड यांनी सरकारला देऊन टाकले होते. त्यांना एक लाख डॉलर देण्याचा प्रस्ताव अमेरिकन काँग्रेसमध्ये संमत झाला नाही. १९५३ साली ते निवृत्त झाले; १६ फेब्रुवारी १९७४ रोजी निधन पावले.

या रायफलीने किती जीव घेतले, किती राखले, याचा हिशेब कोण मांडणार? निर्मात्याच्या पदरी मात्र पगाराखेरीज तिचा एक पैसाही पडला नाही.