वाद्यवृंदाच्या कसोटीवर एक चाल : मास्तर कृष्णराव

मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर यांचे नाव निघाले की मराठी रसिकांना आठवतात ती गंधर्व नाटक मंडळीची पदे आणि 'प्रभात'च्या चित्रपटांतील गाणी. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा लढा मात्र रंगभूमीवर झाला नाही की चित्रपटगृहात झाला नाही. तो झाला एका चालीसाठी. ही चाल लष्करी बँडला आणि विलायती वाद्यवृंदाला वाजवता येईल की नाही, हा वादाचा मुद्दा होता. 'वंदे मातरम्' स्वतंत्र भारताचे राष्ट्रगीत व्हावे म्हणून ख्यालगायकीत वाढलेला हा गवई कर्णे, क्लॅरिनेट आणि पडघमांच्या जगात उतरला आणि तेथेही आपली विद्या कमी पडू न देता वावरला.

कृष्णरावांचा जन्म २० जानेवारी १८९८ रोजी देवाच्या आळंदीत झाला. पुणे जिल्ह्याचा हा सारा उत्तर भाग भजनाचा मुलूख आहे. आळंदीस ज्ञानेश्वरांची समाधी, तर जुन्नर तालुक्यातील आळे येथे त्यांनी वेद वदवलेल्या रेड्याची समाधी. कार्तिक वद्य एकादशीला जुन्नर, आंबेगाव, खेडच्या गावोगावच्या दिंड्या आळंदीची वाट धरतात. एकाने चरण सांगावा, शेकडोंनी तो उचलावा, पावले टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर पडावीत आणि सुरात कोणी पुढेमागे झाले तरी चाल मोडू नये, असे हे गाणे. पुढे लाखो लोकांच्या तोंडी बसेल अशी चाल बांधण्याची जिद्द या गायकाने धरली, तिचे मूळ आळंदीच्या वाटेवर शोधणे वावगे ठरू नये.

१९११ च्या सुमारास हा मुलगा बालनट म्हणून नाट्यकलाप्रवर्तक मंडळीत दाखल झाला. तेथे सवाई गंधर्वांचा सहवास लाभला, आणि लवकरच भास्करबुवा बखले यांचे शिष्यत्व मिळाले. भास्करबुवांनी ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांची तालीम घेतलेली होती. त्याच काळात त्यांनी पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली. अशा गुरूच्या हाताखाली कृष्णरावांचा गळा एका चाकोरीत अडकणे शक्य नव्हते. त्यांची मैफल प्रसन्न असे. रागाची शिस्त सांभाळून अनपेक्षित जागी सूर लावून श्रोत्याला चकित करण्यात त्यांचा हातखंडा होता.

१९२२ मध्ये भास्करबुवांचे निधन झाले आणि गंधर्व नाटक मंडळीच्या संगीताची मोठी जबाबदारी कृष्णरावांवर आली. ऑर्गन, कादरबक्ष यांची सारंगी, अहमदजान तिरखवाँ यांचा तबला अशी साथ, आणि गाणारे बालगंधर्व! १९३१ च्या 'कान्होपात्रा' नाटकातील अभंगांच्या चाली कृष्णरावांच्या. त्या नाटकगृहातून बाहेर पडल्या आणि भजनी मंडळांच्या झाल्या. चाल बांधणाऱ्याचे नाव लोक विसरले आणि चाल तेवढी ठेवून घेतली, याहून मोठी पावती संगीतकाराला कोणती मिळायची?

पुढे 'प्रभात'मध्ये त्यांनी 'धर्मात्मा', 'अमरज्योती', 'माणूस', 'शेजारी' असे एकाहून एक सरस चित्रपट सजवले. या काळाने त्यांना दोन गोष्टी शिकवल्या. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. ज्या रागाला मैफलीत तासभर द्यावा त्याचा गाभा तेवढ्यात सांगायचा, तर काय ठेवावे आणि काय टाकावे याचा निर्णय आधीच करावा लागे. दुसरी गोष्ट समूहस्वराची. १९४१ च्या 'शेजारी'मधील समूहगीत ज्यांनी ऐकले असेल, त्यांना अनेक कंठ आणि अनेक वाद्ये एका लयीत कशी बांधली जातात हे सांगावे लागणार नाही.

'वंदे मातरम्'ला तोवर अनेक चाली लागल्या होत्या. रवींद्रनाथांनी देस रागात, विष्णु दिगंबर पलुस्करांनी काफीत ते गाइले होते. तिमिर बरन यांनी दुर्गा रागात बांधलेली, कवायतीच्या ठेक्याची चाल सुभाषचंद्र बोस यांच्या आझाद हिंद सेनेपर्यंत पोहोचली. कृष्णरावांनी निवडला झिंझोटी. मैफलीच्या अखेरीस ते हे गीत गात. परकी सत्ता असताना मुंबईच्या नभोवाणी केंद्रावर त्यांनी ते सुरू केले, तेव्हा प्रक्षेपण मध्येच तोडण्यात आले. त्यानंतर त्यांनी नभोवाणीवर बहिष्कार टाकला आणि स्वातंत्र्य दृष्टिपथात येईपर्यंत तो पाळला. गवयाच्या चरितार्थात नभोवाणीचे स्थान लक्षात घेतले, तर हा निश्चय साधा नव्हता.

स्वातंत्र्य आले, पण राष्ट्रगीत ठरलेले नव्हते. सैन्याच्या बँडने आणि परदेशांतील वकिलातींनी समारंभात काय वाजवायचे? ब्रिटिश राजाचे गीत वाजवणे आता अशक्य होते. अशा वेळी, १९४७ मध्ये, संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेसाठी न्यूयॉर्कला गेलेल्या भारतीय शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीताची मागणी झाली. मंडळींच्या जवळ 'जन गण मन'ची एक तबकडी होती. ती तेथील वाद्यवृंदाला दिली गेली. वादकांनी सराव केला आणि मोठ्या समुदायापुढे ती सुरावट वाजवली. ती अनेक देशांच्या प्रतिनिधींना आवडली. काहींनी स्वरलिपी मागितली. त्या वादनाचे ध्वनिमुद्रण भारतात आले आणि पाहता पाहता लष्करी बँड व वकिलाती तीच सुरावट वाजवू लागल्या. निरनिराळ्या वाद्यवृंदांनी थोड्याफार फरकाने केलेली वादने नभोवाणीकडे जमा झाली. त्यांवर देशी-विदेशी जाणकारांची मते आली, प्रांतांच्या गव्हर्नरांना विचारण्यात आले आणि एका प्रांताचा अपवाद वगळता साऱ्यांनी अनुकूलता दर्शवली.

२५ ऑगस्ट १९४८ रोजी पंडित नेहरूंनी घटना समितीत हा सारा इतिहास मांडला. राष्ट्रगीतात शब्दांपेक्षा सुरावट महत्त्वाची, ती परदेशी वाद्यवृंदांना वाजवता आली पाहिजे आणि 'वंदे मातरम्'च्या चालीत त्यासाठी लागणारी गती पुरेशी नाही, असा त्यांच्या निवेदनाचा सूर होता. 'वंदे मातरम्'चे ऐतिहासिक श्रेष्ठत्व त्यांनी मान्यच केले होते.

या आक्षेपावर संतापणारे पुष्कळ होते. कृष्णरावांनी तो संगीताचा आक्षेप मानला आणि संगीतानेच उत्तर द्यायचे ठरवले. अडचण खरी होती. आपले संगीत एका स्वररेषेचे. तिचे सौंदर्य मींडेत, कणस्वरात, दोन स्वरांमधल्या वाटेत असते. बँडच्या पितळी वाद्यांतून ही वाट पुसली जाते आणि उरतात ते ठोक स्वर. शिवाय त्या वाद्यवृंदाला एका स्वराखाली दुसरे स्वर जुळवून लावायचे असतात. देसची कारुण्याची झाक किंवा काफीचा लडिवाळपणा अशा मांडणीत हरवतो. झिंझोटीची निवड येथे उपयोगी पडली. खमाज थाटातील या रागाचे बहुतेक स्वर शुद्ध आहेत, तेवढा निषाद कोमल. विलायती वाद्यांवर ते बिनदिक्कत वाजतात. चालीतील हरकती कृष्णरावांनी काढून टाकल्या, लांबलचक संस्कृत समास श्वासाच्या सोयीने तोडले आणि लय पावलाशी जुळवली. सामान्य माणसाला गाता यावी आणि सैनिकाला त्यावर चालता यावे, अशी दुहेरी कसोटी त्यांनी स्वतःच लावून घेतली होती. मुंबईच्या पोलीस बँडकडून त्यांनी ती चाल वाजवून घेतली, ऐकून दुरुस्त केली. स्वतः एक स्वरही ढळू न देणाऱ्या बुजुर्ग गवयाने आपली रचना इतकी सोलून काढावी, हा त्याग लहान नव्हे.

मग ते दिल्लीला गेले. घटना समितीच्या सदस्यांपुढे त्यांनी ही चाल गाऊन दाखवली आणि बँडवरील वादनही ऐकवले. 'वंदे मातरम्' वाद्यवृंदावर वाजत नाही, हे म्हणणे तेथे निरुत्तर झाले असे म्हणण्यास हरकत नाही. पण प्रश्न केवळ वाजण्याचा नव्हताच. या गीताच्या पुढील कडव्यांतील देवीस्तुतीबद्दल मुस्लिम समाजातून आक्षेप होते, आणि म्हणूनच १९३७ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने पहिली दोनच कडवी गाण्याचा निर्णय घेतला होता. दुसरीकडे न्यूयॉर्कच्या त्या वादनामुळे 'जन गण मन' जगाच्या कानावर आधीच पडले होते. कृष्णरावांचे बँडवादन तयार होईपर्यंत दुसऱ्या सुरावटीची सवय झाली होती, आणि कानाला एकदा जी सवय जडते ती युक्तिवादाने सुटत नाही.

२४ जानेवारी १९५० रोजी घटना समितीचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी निवेदन केले. 'जन गण मन' राष्ट्रगीत ठरले आणि 'वंदे मातरम्'ला समान सन्मान देण्यात आला. नभोवाणीवर पुढे रुळली ती देस रागातील चाल; झिंझोटी मागे पडला.

कृष्णराव या निर्णयाने खचले नाहीत. १९५६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इच्छेवरून त्यांनी बुद्धवंदनेला स्वरसाज चढवला. पाली शब्दांचे उच्चार आणि अर्थ समजून घेतल्यावाचून त्यांनी चालीला हात घातला नाही. येथेही गाणारा समुदायच होता. शास्त्रोक्त तालीम नसलेल्या माणसांनी एकत्र म्हणायची ही वंदना त्यांनी सोपी, संथ आणि गंभीर ठेवली. भारत गायन समाजाची धुरा त्यांनी सांभाळली, 'रागसंग्रह' या ग्रंथमालेतून आपल्या बंदिशी स्वरलिपीसह विद्यार्थ्यांच्या हाती दिल्या. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २० ऑक्टोबर १९७४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.