परमुलखाच्या वेशीवरील शुश्रूषक : संत फ्रान्सिस झेवियर

ऊसतोडणीच्या हंगामात आपल्या कडेगाव तालुक्यात परजिल्ह्यांतील कुटुंबे उतरतात. त्यांतील एखादे लेकरू पालात तापाने फणफणले, म्हणजे परमुलखात आजारी पडणे कसे असते, हे आम्हांस दिसते. म्हणून या महोत्सवप्रसंगी संत फ्रान्सिस झेवियर यांच्या चरित्राची एक बाजू आम्ही वाचकांपुढे ठेवितो. त्यांचे बाप्तिस्मे व चमत्कार सर्वश्रुत आहेत; रुग्णसेवा तितकी नाही.

नवार प्रांतातील सरदार घराण्यात १५०६ साली ते जन्मले. पॅरिसच्या विद्यापीठात शिकले, व तेथेच संत इग्नाशियस यांचे सोबती झाले. १५३७ साली व्हेनिस येथे असाध्य रोग्यांच्या इस्पितळात त्यांनी सेवेचा पहिला धडा गिरविला.

७ एप्रिल १५४१ रोजी ते लिस्बनहून निघाले. त्या काळी हिंदुस्थानची वाट म्हणजे जिवावरचीच. ताज्या भाजीफळांवाचून खलाशांच्या व शिपायांच्या हिरड्या सुजत, हातपाय गळत. लिंबू-संत्र्यांनी हा रोग हटतो, हे जेम्स लिंड यांनी प्रयोगाने दाखविले ते १७४७ साली! झेवियर यांच्यापाशी औषध ते काय असणार? रोग्यास भरविणे, धुणे-पुसणे, मरणाऱ्याजवळ बसणे, एवढेच. राजाने देऊ केलेला नोकर त्यांनी नाकारिला होता. मोझांबिक येथे जहाजे अडकली, तेव्हा तेथील रुग्णांची सेवा करिता करिता ते स्वतःच तापाने पडले. त्या काळच्या रीतीप्रमाणे वैद्यांनी त्यांचे रक्तही काढिले.

६ मे १५४२ रोजी गोव्यास पोहोचल्यावर त्यांनी राहावयास जागा निवडिली ती राजाच्या इस्पितळात. समुद्रपार करून आलेले अर्धमेले लोक याच दारात आणून टाकीत. सर्वांत अत्यवस्थ रोग्याच्या खाटेजवळ ते निजत, असे चरित्रकार सांगतात. रविवारी ते नगराबाहेरील महारोग्यांकडे जात. धर्मोपदेशाइतकेच हेही त्यांचे कार्य होते, असे आमचे मत आहे.

दहा वर्षांनी, १५५२ साली, ते चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियान बेटावर आले. परकीयांस त्या देशाची दारे बंद होती. चोरून पलीकडे नेण्याचे एका चिनी व्यापाऱ्याने कबूल केले होते. तो आलाच नाही. नोव्हेंबरात झेवियर यांस ताप भरला. उपचारासाठी त्यांस जहाजावर नेले, पण ते हेलकावे सोसवेनात, म्हणून पुन्हा किनाऱ्यावर आणिले. एका झोपडीत अंतोनियो नावाचा चिनी ख्रिस्ती तरुण त्यांच्या उशाशी जागत बसला. ३ डिसेंबरच्या पहाटे त्याच्यासमक्ष त्यांनी प्राण सोडिला. चीनचा किनारा तेथून काही कोसांवर होता.