वाटसरूंच्या कैवारी अहिल्याबाई

तिसगाव (ता. पाथर्डी) : कल्याण-निर्मल राष्ट्रीय महामार्ग करंजीचा घाट ओलांडून तिसगावात शिरतो आणि पुढे पाथर्डीकडे जातो. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत जवळच्या मढी येथे कानिफनाथांची यात्रा भरते, तेव्हा या भागातील रस्ते भाविकांनी गजबजतात. ऊन तापू लागण्याचे हेच दिवस. पर्जन्यछायेतील या टापूत पावसाची नेहमीच ओढ आणि विहिरी लवकर कोरड्या पडणाऱ्या. वाहनात बसून जाणाऱ्याला उन्हाची झळ काचेपलीकडे राहते. पायी जाणाऱ्याला ती डोक्यावर घ्यावी लागते. हवामानबदलाच्या चर्चेत ज्याला आज न्यायाचा प्रश्न म्हटले जाते, तो मुळात एवढाच आहे. या जिल्ह्याला आता जिचे नाव लाभले आहे, त्या अहिल्याबाई होळकरांनी हा प्रश्न सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळापूर्वी ओळखला होता.

अहिल्याबाईंचा जन्म 31 मे 1725 रोजी जामखेड तालुक्यातील चौंडी या गावी झाला. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. दुष्काळ, आटलेले आड आणि पाण्यासाठीची पायपीट या गोष्टी या मुलखात कोणाला शिकवाव्या लागत नाहीत. मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी 1733 मध्ये त्यांचा विवाह झाला. कुंभेरीच्या वेढ्यात 1754 मध्ये खंडेराव तोफेच्या गोळ्याने ठार झाले. सती जाण्यास निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी परावृत्त केले आणि वसूल, हिशेब, फौजेची रसद अशा कामांत तिला तयार केले. 1766 मध्ये मल्हारराव गेले. पुढच्याच वर्षी पुत्र मालेरावही गेले. वारस नसलेली दौलत ताब्यात घेण्याच्या हालचाली राघोबादादांच्या पाठबळाने सुरू झाल्या. अहिल्याबाई डगमगल्या नाहीत. अखेर थोरल्या माधवराव पेशव्यांनी त्यांचा अधिकार मान्य केला. फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे देऊन त्यांनी नर्मदाकाठच्या महेश्वराहून सुमारे 28 वर्षे राज्य केले.

काशी, गया, सोमनाथ येथील मंदिरांमुळे त्यांचे नाव देशभर पोहोचले. परंतु देवळापर्यंत पोहोचायचे कसे, याचाही त्यांनी तितकाच विचार केला होता. त्यांच्या बांधकामांची यादी पाहिली, की देवळांच्या जोडीला घाट, विहिरी, बारवा, कुंडे आणि धर्मशाळा सतत दिसतात. देवालय ज्याच्या त्याच्या श्रद्धेचे. पण वाटेवरची विहीर तहानलेल्या प्रत्येकाची. घोडा वा पालखी बाळगणारा सरदार आपल्या पाण्याची सोय बरोबर नेत असे. विहीर आणि धर्मशाळा यांची खरी गरज होती ती गाठोडे डोक्यावर घेऊन चालणाऱ्याला. नर्मदेच्या खोऱ्यातून विंध्याचा चढ चढून माळव्याच्या पठारावर जाणाऱ्या वाटेवर त्यांनी 1791 मध्ये उभारलेला जाम दरवाजा आजही उभा आहे.

ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कम याने अहिल्याबाईंच्या निधनानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी माळव्यात माहिती गोळा केली आणि 1823 मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी देण्यासाठी रस्तोरस्ती माणसे नेमलेली असत, थंडीच्या तोंडावर गरजूंना कपडे वाटले जात आणि नांगराला जुंपलेल्या बैलांनाही थांबवून पाणी पाजले जाई, अशी नोंद त्याने केली आहे. हा खर्च मुख्यतः होळकरांच्या खासगीतून, म्हणजे राज्याच्या तिजोरीपासून वेगळ्या ठेवलेल्या उत्पन्नातून होत असे. उन्हाळा दरवर्षी येतो, तेव्हा पाण्याची तजवीजही दरवर्षी आणि पगारी माणसांकरवी व्हावी, हा त्यामागील हिशेब होता. दानाला त्यांनी व्यवस्थेचे रूप दिले, हे त्यांचे वेगळेपण.

रस्ता सुरक्षित नसेल तर विहिरीचा उपयोग काय? माळवा-निमाडच्या डोंगराळ वाटांवर लूटमार होत असे. अहिल्याबाईंनी प्रथम सामोपचार करून पाहिला; तो निष्फळ ठरल्यावर कठोर शिक्षाही दिल्या. तथापि त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. डोंगरातून जाणाऱ्या मालावर भिलकवडी नावाचा अल्प कर घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क त्यांनी मान्य केला. त्याच्या बदल्यात पडीक जमीन कसणे आणि आपल्या हद्दीत चोरीस गेलेला माल परत मिळवून देणे ही जबाबदारी भिल्लांवर आली. ज्यांच्या भूमीतून रस्ता जातो त्यांनाही त्या रस्त्याच्या लाभाचा वाटा मिळाला पाहिजे, हे तत्त्व त्यात होते. महामार्ग आणि भूसंपादन यांवरून आज वाद झडतात, तेव्हा हा दाखला आठवावा असा आहे.

निपुत्रिक विधवांची मालमत्ता सरकारजमा करण्याचा मोह त्यांनी टाळला. स्वतःच्या वाट्याला मात्र दुःखच अधिक आले. उतारवयात नातू गेला, जावई यशवंतराव फणसे गेले आणि 1791 मध्ये कन्या मुक्ताबाई सती गेली. 13 ऑगस्ट 1795 रोजी महेश्वर येथे अहिल्याबाईंनी देह ठेवला.

त्यांच्या जन्मभूमीचा सार्वजनिक प्रवासाशी आणखी एक ऋणानुबंध आहे. राज्याच्या एसटीची पहिली बस 1 जून 1948 रोजी अहमदनगरहून पुण्याला धावली. खेड्यातल्या माणसाला तिकिटाच्या पैशात शहराशी जोडणारी ही सेवा म्हणजे धर्मशाळेच्या परंपरेचेच आधुनिक रूप म्हणता येईल. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट लागू झाले. 2024 मध्ये जिल्ह्याचे नामांतर अहिल्यानगर असे झाले आणि 2025 मध्ये त्यांची त्रिशताब्दी साजरी झाली.

शहरांचे चित्र मात्र वेगळे आहे. वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला महत्त्व द्यावे, असे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने 2006 मध्येच सांगितले. तरीही रस्ता रुंद करताना पहिली कुऱ्हाड झाडावर आणि दुसरी पदपथावर पडते. बसथांब्यावर छप्पर नसते, असले तर सावली पुरत नाही. धूर सर्वांत कमी सोडणारा पादचारी आणि बसचा प्रवासीच सर्वांत जास्त ऊन सोसतो. 2010 च्या उष्णतेच्या लाटेत शेकडो बळी गेल्यावर अहमदाबादने 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा केला. पाणपोया आणि सावलीच्या जागा त्यातही आहेत.

म्हणजे उपाय नवा नाही. जिल्ह्याला नाव देऊन आपण अहिल्याबाईंचा गौरव केला. आता त्या नावाच्या रस्त्यांवर चालणाऱ्याला उन्हाळ्यात पाणी, सावली आणि वेळेवर येणारी बस मिळते का, यावरच त्या गौरवाचा खरेपणा ठरणार आहे.