डॉ. आनंदीबाई जोशी : एका अर्जाची गोष्ट



आम्ही मराठीच्या तासाला अर्ज लिहायला शिकतो. रजेचा अर्ज, दाखल्याचा अर्ज, एसटी थांबा मिळावा म्हणून अर्ज. आज मी ज्यांची माहिती लिहिणार आहे त्यांनी १८ व्या वर्षी असाच एक अर्ज लिहिला होता. हायस्कूल पुरं झालेलं नाही, मॅट्रिकची परीक्षा दिलेली नाही, आणि अर्ज कशाचा, तर थेट डॉक्टरीच्या कॉलेजात घ्या म्हणून! कॉलेजही कुठलं, तर अमेरिकेतलं. त्या म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी.

त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. कल्याणच्या जोशी घराण्यातली ही मुलगी, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी टपाल खात्यात नोकरीला, बिजवर आणि वयाने सुमारे २० वर्षांनी मोठा. आमच्या वर्गात नऊ वर्षांची मुलगी म्हणजे चौथीतली. तिचं लग्न झालंय असं मनात आणून पाहा!

गोपाळरावांना एकच ध्यास होता, बायको शिकली पाहिजे. ते स्वतः घरी शिकवायचे. पण शिकवताना फार कडक वागत, मारतसुद्धा. हे मला वाचताना आवडलं नाही. चांगल्या कामासाठी झालं तरी मारणं ते मारणंच. नोकरीच्या बदल्यांमुळे बिऱ्हाड सारखं हलायचं. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर. (हे श्रीरामपूर बंगालमधलं, आपल्या अहिल्यानगरकडचं नव्हे.) मुंबईत काही दिवस त्या मिशनच्या शाळेत गेल्या, तर रस्त्याने पुस्तकं घेऊन जाताना लोक हसायचे, नावं ठेवायचे.

१४ व्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो दहा दिवसच जगला. त्या काळी बाया पुरुष डॉक्टरला प्रकृती दाखवत नसत आणि बाई डॉक्टर तर मिळतच नसे. या दुःखातून त्यांनी ठरवलं की आपण डॉक्टर व्हायचं.

आता प्रश्न आला शाळेचा. आज मुलीला डॉक्टर व्हायचं तर दहावी, बारावी, मग नीटची परीक्षा असा रस्ता आहे. त्यांच्यापुढे असा रस्ताच नव्हता. पुण्याची हुजूरपागा शाळा निघाली १८८४ साली, आणि आनंदीबाई अमेरिकेला गेल्या १८८३ साली! म्हणजे त्यांनी शाळा मधेच सोडली असं म्हणता येत नाही. मुलींसाठी पायऱ्याच बांधलेल्या नव्हत्या, म्हणून त्यांना उडी मारावी लागली.

त्याआधी गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून मदत मागितली होती. धर्म बदलला तर मदत होईल असं उत्तर आलं, ते दोघांनी मानलं नाही. पण हा पत्रव्यवहार अमेरिकेत छापून आला. न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडे बसल्या असताना त्यांनी तो वाचला आणि पत्र पाठवलं. दोघींची मैत्री जमली. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

लोकांचा विरोध फार होता. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ ला श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी इंग्रजीतून भाषण केलं, मी का जाते ते सांगितलं आणि हिंदू म्हणूनच परत येईन असं वचन दिलं. ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोट निघाली. गोपाळराव बरोबर नव्हते. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या.

मग जूनच्या शेवटी तो अर्ज लिहिला. कॉलेज होतं फिलाडेल्फियाचं वुमन्स मेडिकल कॉलेज, खास बायकांसाठी १८५० मध्ये काढलेलं. अर्जात त्यांनी काही लपवलं नाही. प्रवेशाच्या सगळ्या अटी माझ्याकडून कदाचित पुऱ्या होणार नाहीत, पण माझी गोष्ट वेगळी आहे, तिचा विचार व्हावा, असं त्यांनी सरळ लिहिलं. स्वतःसाठी काही नको, माझ्या देशातल्या बायांना औषधोपचार मिळावा म्हणून शिकायचं आहे, हेही लिहिलं. कॉलेजने प्रवेश दिला आणि शिष्यवृत्तीही दिली. डीन रेचल बॉडलीबाईंनी त्यांना फार जीव लावला.

तीन वर्षं त्यांनी कष्टाने अभ्यास केला. तिकडची थंडी सोसेना, खाणंपिणं परकं, खोकला सुटेना. तरी ११ मार्च १८८६ ला त्या एम. डी. झाल्या. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड दवाखान्यात बायकांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली. पण नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या परत आल्या त्या आजारीच. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या वारल्या. २२ वर्षंही पुरी झाली नव्हती. एकाही बाईवर उपचार करायला त्यांना वेळ मिळाला नाही, हे वाचून मला फार वाईट वाटलं. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. अमेरिकेत पोकीप्सी गावच्या दफनभूमीत त्यांचं स्मारक आहे.

त्याच १८८६ साली कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली डॉक्टर झाल्या. त्यांना शाळा मिळाली होती. प्रवेश परीक्षा, बी. ए., मग डॉक्टरी अशा एकेक पायरीने त्या गेल्या, आणि पुढे पुष्कळ वर्षं त्यांनी रोगी तपासले.

आमच्या वर्गातली काही मुलं म्हणतात, मधल्या यत्ता गाळून एकदम कॉलेजात जाता आलं तर किती बरं! मला वाटतं, आनंदीबाईंना विचारलं असतं तर त्यांनी आपली सातवी-आठवी आनंदाने मागून घेतली असती. आपल्याला ती मिळाली आहे. सिंदखेडराजा हे जिजाऊंचं जन्मगाव आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात आहे, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण अजूनही काही घरी सातवीनंतर हायस्कूल लांब म्हणून मुलीला घरी ठेवतात, शेतात नेतात, नाहीतर लग्नाचं बघतात. पालकांनो, मुलींसाठी मानव विकासची निळी एसटी आहे. तिच्यात बसवून आम्हाला पुढे पाठवा.

आणि मित्रमैत्रिणींनो, एखादी अट पुरी होत नसली तरी विचारायला घाबरू नका. खरं खरं लिहून अर्ज करा. नाही म्हणाले तर म्हणाले. आनंदीबाईंनी विचारलं, म्हणून दार उघडलं.

— एक विद्यार्थिनी, यत्ता ७ वी