एडिसनला थंडी बाधली तेव्हा

अंबरनाथ-बदलापूरच्या ट्रेकर मंडळींनो, मलंगगड, चंदेरी झाले की तुमची पुढची उडी थेट हिमालयात. तिथे पहिल्याच पहाटे चाळीस टक्के चार्ज दाखवणारा मोबाइल अचानक मान टाकतो. उल्हासनगरच्या बाजारातून आणलेल्या बॅटरीला शिव्या घालू नका. हे दुखणं थॉमस अल्वा एडिसनलाही पुरून उरलं होतं.

1847 मध्ये जन्मलेला एडिसन तुम्हाला माहीत आहे तो 1879 च्या बल्बमुळे. पण पन्नाशीनंतर त्याला वेड लागलं ते रिचार्ज होणाऱ्या बॅटरीचं. विजेच्या मोटारीसाठी शिसं आणि आम्लाची जड बॅटरी त्याला नको होती. त्याने घेतलं निकेल, लोखंड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण. बॅटरी बाजारात आली आणि गळायला लागली. 1904 मध्ये त्याने उत्पादनच थांबवलं. मग हजारो प्रयोग. बॅटऱ्या वरच्या मजल्यावरून खाली फेकून बघायचा, म्हणजे विचार करा! 1909 मध्ये नवी बॅटरी आली, एकदम दणकट.

पण गारठ्यात ती ढेपाळायची. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, आतला विरोध वाढतो. चार्ज आत असतो, पण झटकन बाहेर येत नाही. नेमकं 1912 मध्ये कॅडिलॅकच्या पेट्रोल मोटारीत विजेचा स्टार्टर आला. गार इंजिन फिरवायला एकदम मोठा करंट लागतो. तो शिशाच्या बॅटरीने दिला, एडिसनच्या बॅटरीला ते जमणारं नव्हतं. तिकडे स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनरने 1899 मध्येच निकेलसोबत कॅडमियम वापरलं होतं, आणि ती जोडी थंडीत बरीच टिकते. पेटंटवरून दोघांचं भांडणही झालं. प्रसिद्धी मात्र एडिसनलाच. माझ्या मते हा युंगनरवर अन्यायच.

तुमच्या मोबाइलमध्ये लिथियम-आयन असते, पण गारठ्याचा नियम तिलाही चुकत नाही. ती आतल्या खिशात, रात्री स्लीपिंग बॅगमध्ये ठेवा. ऊब मिळाली की बराचसा चार्ज परत दिसतो. शून्याखाली चार्जिंगला मात्र लावू नका. आत लिथियम धातूचा थर बसतो आणि बॅटरी कायमची बिघडते.

1931 मध्ये एडिसन गेला. मोटारीसाठी घडवलेली त्याची बॅटरी तोवर खाणकामगारांच्या टोपीवरचे दिवे पेटवत होती. जमिनीखाली, जिथे हिवाळा पोहोचत नाही.